घोरणे कधी नुसते घोरणे असते आणि कधी नसते? (उपप्रश्न : हे जावयाला कसे सांगावे?)

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. यंदाच्या अधिक ज्येष्ठात धोंड्याच्या जेवणासाठी बहीण आणि दाजी चार दिवस आमच्याकडे लातूरला मुक्कामी होते. उकाडा असा, की खोलीत पंख्याखाली झोपणे म्हणजे भट्टीपुढे बसणे. म्हणून आम्ही पुरुष मंडळींनी गच्चीवर अंथरुणे टाकली. दाजींचे घोरणे आमच्या घरात सर्वश्रुत आहे आणि त्यावर आजवर यथेच्छ विनोदही झाले आहेत. त्या रात्री मात्र मला झोप लागेना, म्हणून मी शेजारी पडून ते प्रथमच नीट ऐकले, आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

घोरणे चढत चढत जाई आणि एकाएकी थांबे. पहिल्यांदा थांबले तेव्हा मला बरेच वाटले. पण ते इतका वेळ थांबले, की मी अंथरुणात उठून बसलो. चांदण्यात त्यांचे पोट खालीवर होताना दिसत होते, श्वासाचा आवाज मात्र अजिबात नव्हता. मोबाइलच्या घड्याळाने मोजले तर २५ सेकंद भरले. मग गटांगळी खाऊन वर आलेला माणूस जसा हवा ओढतो, तसा मोठा आवाज करून त्यांनी श्वास घेतला, कूस बदलली, आणि घोरणे पुन्हा सुरू झाले. हे किती वेळा घडते ते मोजायला मी बसलो होतो. विसाच्या पुढे मोजणे सोडून दिले, तेव्हा अजून तासही झाला नव्हता.

दाजींचे वय ४६ आहे. अंबाजोगाईकडे त्यांचे कृषी सेवा केंद्र आहे. अंगाने भरलेले आहेत, रक्तदाबाच्या २ गोळ्या चालू आहेत, आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांना डुलकी लागते हा गावातील लाडका विनोद आहे. लातूरच्या फेऱ्या ते स्वतः गाडी चालवून करतात, हे लिहितानाही मला धडकी भरते.

माझा प्रश्न असा, की घोरण्यात डॉक्टरांकडे जाण्यासारखे काय आणि दुर्लक्ष करण्यासारखे काय, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? आणि जावई हा दहावा ग्रह असल्यामुळे, मेव्हण्याने हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

सीताफळ

आमच्या आजोबांच्या घोरण्यावर खळ्याची राखण होत असे. सुगीत ते खळ्यावर बाज टाकून झोपत, आणि शेजारच्या शिवारातील लोक म्हणत, की जोवर आवाज येतो आहे तोवर चोर फिरकत नाही. आजोबा ८४ वर्षे जगले. तेव्हा दाजींना निवांत झोपू द्या आणि आपण आपले अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात न्या, एवढेच सुचवतो.

निवृत्त गुरुजी

मी सीताफळ यांच्याशी सहमत आहे. माझे वय ७१, वजन ५८ किलो, आणि सौभाग्यवतींच्या साक्षीनुसार मी ४० वर्षे घोरत आहे. मी पहाटे ५ वाजता ताजातवाना उठतो, दिवसा झोपत नाही, आणि रक्तदाब आजही औषधाविना ठीक आहे. आपल्याकडे आता प्रत्येक सवयीला आजाराचे नाव मिळू लागले आहे, आणि प्रत्येक नावामागे कोणते ना कोणते यंत्र विकायला उभे असते. दिवसभर राबलेला माणूस घोरणारच.

रात्रपाळी

मी नांदेडमध्ये परिचारिका आहे आणि १९ वर्षांपैकी बहुतेक वर्षे रात्री जागून काढली आहेत, त्यामुळे झोपलेली माणसे मी इतरांपेक्षा जास्त पाहिली आहेत. गुरुजी, आपले घोरणे आणि दाजींचे घोरणे यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो मांजराकाठ यांनी न कळत अचूक टिपला आहे. आपण सारेजण आवाजाकडे लक्ष देतो, कारण त्रास आवाजाचा होतो. आवाज थांबला की शेजारचा माणूस हुश्श करून झोपी जातो, आणि जे पाहायला हवे ते नेमके त्याच वेळी घडत असते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते, आणि हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून जाताना हवा त्या मऊ भागांना थरथरवते, ते घोरणे. हीच वाट पूर्ण मिटली, की आवाज नाही आणि हवाही नाही. छाती व पोट मात्र ओढ घेत राहतात, म्हणून चांदण्यात पोट हलताना दिसले. रक्तातील ऑक्सिजन खाली जाऊ लागतो, मेंदू धोक्याची सूचना देऊन काही क्षणांपुरती झोप मोडतो, घसा मोकळा होतो, आणि तो मोठा श्वास येतो. सकाळी त्या माणसाला यातील काहीही आठवत नाही. तो शपथेवर सांगतो, की मी रात्रभर गाढ झोपलो होतो.

सीताफळ

रात्रपाळीताई, आता आजोबांच्या घोरण्यात खंड पडत असे का, हे आठवण्याच्या नादात मला झोप येणार नाही.

घसा आणि घंटा

मी जालन्यात कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. या धाग्यावर कोणाचेही निदान करणार नाही, पण मूळ प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

निवृत्त गुरुजींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. घोरणाऱ्या प्रत्येकाला आजार नसतो. सलग, एका लयीत, खंड न पडता चालणारे घोरणे आणि दिवसा ताजेपणा, असे चित्र असेल तर त्रास बहुधा शेजाऱ्यालाच असतो. ज्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अप्निया म्हणतात, त्या आजारात श्वास वारंवार अडतो. १० सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला तर तो एक अडथळा धरतात. श्वास पूर्ण न थांबता उथळ होऊन ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तोही मोजणीत येतो. मोठ्या माणसात झोपेच्या दर तासाला ५ पेक्षा कमी अडथळे हे सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र समजतात. या आकड्याला एएचआय म्हणतात. मांजराकाठ यांनी तासाच्या आत २० मोजून सोडून दिले, ते कान आणि घड्याळ यांवर मोजलेले असल्यामुळे त्याला अहवालाची किंमत नाही. पण डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी याहून चांगली माहिती क्वचितच मिळते. माझ्याकडे येणारे बहुतेक पुरुष एकटे येतात आणि 'बायको उगाच म्हणते' एवढेच सांगतात. बायकोला आत बोलावले, की पाच मिनिटांत सगळा उलगडा होतो.

भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्यासाठी ८ प्रश्न ठरवले आहेत, टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००८ साली प्रसिद्ध केले आणि ते स्टॉप-बँग या नावाने ओळखले जातात. बंद दाराबाहेर ऐकू जाईल असे घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग असते का, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का, रक्तदाब आहे का, हे पहिले ४. उरलेल्या चारांत वजन फार जास्त असणे, वय ५० च्या पुढे असणे, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे आणि पुरुष असणे हे येते. ३ उत्तरे 'होय' आली तर शंका घ्यावी, ५ किंवा अधिक आली तर तपासणी टाळू नये. वजनाची अट पाश्चात्त्य शरीरयष्टीवर बेतलेली आहे; जबड्याच्या ठेवणीमुळे आपल्याकडे तुलनेने कमी वजनाच्या माणसांतही हा आजार आढळतो, हे ध्यानात ठेवावे.

मांजराकाठ

मानेचा घेर विचारायचा कसा, असा प्रश्न पडला होता. मग आठवले, की लग्नातला सफारी आणि नंतरचे सगळे सदरे आमच्याच शिंप्याने शिवले आहेत. त्याच्या वहीत दाजींची कॉलर १७ इंच आहे, म्हणजे ४३ सेंटिमीटर. लग्नात ती १५ होती. एकूण ६ उत्तरे 'होय' येत आहेत.

निवृत्त गुरुजी

मी शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे नुसत्या कोष्टकाने माझे समाधान होत नाही. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या, आणि झोपेत श्वास अडणाऱ्या २,६८७ रुग्णांवर ती झाली. निम्म्यांना झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडणारे सीपॅप नावाचे यंत्र दिले, निम्म्यांना दिले नाही, आणि काही वर्षांनी पाहिले तर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे. मी भांडणासाठी विचारत नाही.

घसा आणि घंटा

गुरुजी, आपण ज्या चाचणीचा उल्लेख केला ती आमच्या व्यवसायातही पुष्कळ चर्चिली गेली, आणि तिचा निष्कर्ष लपवण्याचे कारण नाही. यंत्र लावले की हृदयविकार टळतो, असे छातीठोकपणे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहावे. मात्र तीच चाचणी आणखी दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे, यंत्र मिळालेल्या रुग्णांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच वापरले, म्हणजे निम्मी रात्र उपचाराविना गेली. दुसरी म्हणजे, दिवसा अतिशय पेंग येणाऱ्या रुग्णांना त्या चाचणीत मुळात घेतलेच नव्हते. दाजी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता झोपतात. म्हणजे ते त्या चाचणीत बसलेच नसते. शिवाय यंत्र वापरणाऱ्यांचे घोरणे कमी झाले, दिवसाची पेंग कमी झाली आणि मन प्रसन्न राहिले, हेही त्याच अहवालात आहे. गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत पेंग कमी होणे हा छोटा लाभ नाही.

पेंग मोजण्यासाठी मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली ८ प्रसंगांची एक प्रश्नावली केली. वाचताना, दूरदर्शन पाहताना, तासभर गाडीत नुसते बसल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, अशा प्रत्येक प्रसंगाला ० ते ३ गुण द्यायचे, आणि बेरीज १० च्या वर गेली तर पेंग नेहमीपेक्षा जास्त समजायची. कोणाशी बसून बोलत असताना डुलकी लागणे हाही त्यातील एक प्रसंग आहे आणि धडधाकट माणसात तो सहसा आढळत नाही.

सीताफळ

सप्ताहात कीर्तन ऐकताना लागणारी डुलकी हा नववा प्रसंग धरला, तर आमचे सबंध गाव दवाखान्यात भरती करावे लागेल.

निवृत्त गुरुजी

डॉक्टर, उत्तर पटले. माझ्या स्वतःच्या घोरण्याविषयीचे मत मी बदलत नाही, पण दाजींनी तपासणी करावी असे मलाही वाटू लागले आहे. (सीताफळ, कीर्तनात झोपणाऱ्याचा दोष दरवेळी श्रोत्याकडे नसतो.)

दगडी ज्वारी

मी धाराशिव जिल्ह्यातील असून उसाच्या वाहतुकीचे दोन ट्रॅक्टर बाळगतो. हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यासमोर नंबर लागेपर्यंत आमची मुले रात्र रात्र ताटकळतात, ट्रॉलीखाली तासभर पाठ टेकतात आणि पुन्हा चाकावर बसतात. त्यांना चालता चालता झोप येते, ती आजारामुळे नव्हे, तर झोपच मिळत नाही म्हणून. त्यामुळे पेंग दिसली की लगेच आजार म्हणू नये, असे माझे मत आहे.

तरीही एक उदाहरण सांगतो. आमचा एक जुना चालक हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात घरी आठ-आठ तास झोपूनही पेंगतच असे. सकाळी डोके दुखते, तोंडाला कोरड पडते, रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते, असे तो सांगे. साखर तपासली, ती ठीक निघाली. आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. एका रात्री तो नुसता बाभळीला घासून थांबला म्हणून वाचला.

रात्रपाळी

आपण केलेला भेद महत्त्वाचा आहे. सुट्टीत पुरेशी झोप झाल्यावर पेंग जाते का, हे आधी पाहावे. गेली तर झोपेची उधारी होती. भरपूर झोपूनही गेली नाही तर कारण शोधावे. रात्रीच्या लघवीविषयी थोडे लिहिते, कारण त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. घसा मिटलेला असताना छाती जोराने हवा ओढते, त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, आणि शरीरात पाणी जास्त झाले असे समजून हृदय लघवी वाढवणारे संप्रेरक सोडते. माणूस मात्र साखर आणि प्रोस्टेट यांच्या चिंतेत फिरत राहतो.

गोदाकाठची

इथे आतापर्यंत सगळे पुरुषांविषयीच लिहिले गेले, म्हणून धीर करून लिहिते. मी गंगाखेडची, वय ५३. पाळी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत मला पहाटे तीनला दचकून जाग येऊ लागली, दिवसभर अंग जड राही आणि चिडचिड होई. थायरॉइड तपासून झाले, रक्त वाढवायच्या गोळ्या झाल्या, मन उदास असते म्हणून एका ठिकाणी झोपेची गोळीही दिली. ती घेतल्यावर सकाळी डोके अधिकच जड होत असे. या सगळ्या काळात, तुम्ही घोरता का, हा प्रश्न मला एकाही डॉक्टरांनी विचारला नाही, आणि विचारला असता तरी मी 'नाही' म्हटले असते. बाईमाणूस घोरते हे सांगायचे कोणाला? मी माजघरात सासूबाईंच्या शेजारी झोपत असे. त्यांना ऐकू कमी येते, म्हणजे साक्षीदारही नव्हता. गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आली, तिने दोन रात्री ऐकून माझ्या तोंडावर सांगितले, "आई, तू झोपेत श्वास घ्यायची थांबतेस." तपासणीत दर तासाला २२ अडथळे निघाले.

घसा आणि घंटा

गोदाकाठची ताई, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांत हा आजार वाढतो, आणि त्यांच्यात घोरण्यापेक्षा झोपमोड, थकवा, उदासी अशी लक्षणे पुढे असल्यामुळे तो दुसऱ्याच नावाखाली दडून राहतो. काही झोपेच्या गोळ्या आणि मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणून श्वास अडण्याची शंका असताना अशी गोळी स्वतःहून घेऊ नये. थायरॉइडचे काम मंद असले तरी हा त्रास वाढू शकतो, तेव्हा ती तपासणी वाया गेली असे समजू नका.

हिमरू

मुलांविषयी विचारावे की नाही, अशा संभ्रमात होते. माझा मुलगा ६ वर्षांचा असताना तोंड उघडे ठेवून, मान मागे टाकून झोपत असे, घोरत असे आणि घामाने उशी भिजवत असे. 'बापाच्या वळणावर गेला' म्हणून घरात त्याचे कौतुकच होते. अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आणि शाळेतून, तो एका जागी बसत नाही, अशी तक्रार आली. छत्रपती संभाजीनगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा नाकामागची गाठ, म्हणजे ॲडिनॉइड, आणि टॉन्सिल दोन्ही खूप वाढलेले निघाले. शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच महिन्यात मी रात्री दोनदा उठून त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला, कारण आवाज अजिबात येत नव्हता.

घसा आणि घंटा

मूल रोज घोरत असेल तर ते कौतुकाचे मानू नये, एवढे सर्वांना सांगा. मुलांसाठी मोजपट्टीच निराळी आहे. दर तासाला १ अडथळाही त्यांच्यात जास्त समजतात. पेंगण्याऐवजी मुले अनेकदा उलट चळवळी होतात, म्हणून पालकांची दिशाभूल होते.

मोसंबी

घरगुती उपायांविषयी कोणी बोलत नाही. नाकात तुपाचे थेंब सोडणे आमच्याकडे पूर्वापार आहे. हल्ली मोबाइलवर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे व्हिडिओ फिरतात. शिवाय आमच्या काकूंनी काकांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला होता.

रात्रपाळी

या तिघांपैकी काकूंना माझे मत. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, त्यामुळे काही जणांचा श्वास उताणेपणीच अडतो. त्यांना कुशीवर ठेवणारा चेंडू खरोखर उपयोगी पडतो. तुपाने नाक ओलसर राहील, पण अडथळा नाकात नसून घशात आहे, आणि तेथवर त्याचा उपयोग होत नाही. चिकटपट्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ज्याचा श्वास आधीच अडतो आहे, त्याची उरलेली वाट बंद करण्यात शहाणपणा नाही.

घसा आणि घंटा

दुजोरा देतो. नाकाचे हाड वाकडे आहे, ते सरळ केले की घोरणे जाईल, या आशेने येणारे पुष्कळ असतात. त्या शस्त्रक्रियेने नाक मोकळे होते आणि यंत्र सुसह्य होते, पण श्वास अडण्याचा आजार एवढ्यानेच सहसा जात नाही. वजन कमी करणे हा कंटाळवाणा, तरीही खरा उपाय आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत वजन १० टक्के उतरले तेव्हा अडथळे सुमारे २६ टक्के कमी झाल्याचे दिसले, आणि तेवढेच वाढले तेव्हा सुमारे ३२ टक्के वाढल्याचे. लठ्ठ रुग्णांतील मध्यम व तीव्र आजारासाठी टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यताही मिळाली; मात्र ते मनाने टोचून घेण्याचे औषध नव्हे. सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी दंतवैद्य करून देतात.

कयाधू

सीपॅप वापरणारा माणूस म्हणून आता मी लिहितो. मी हिंगोली जिल्ह्यात राहतो, यंत्र वापरू लागून चार वर्षे झाली. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले आणि बातम्यांत या आजाराचे नाव आले, तेव्हा पत्नीने ते कागदावर लिहून माझ्या डब्यात ठेवले. भाकरीखाली. त्याआधी तिने दहा वेळा सांगितले होते, ते मी ऐकले नव्हते.

तपासणीची भीती बाळगू नये. माझी तपासणी रुग्णालयात झाली. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावल्या, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा. हे सगळे लेवून झोप कशी येणार असे वाटले, पण आमच्यासारख्यांना झोप येतेच, हीच तर तक्रार असते. आता साधे यंत्र घरी नेऊनही एका रात्रीत तपासणी होते. माझा एएचआय ३८ निघाला.

यंत्र म्हणजे औषध नव्हे आणि ऑक्सिजनचे नळकांडेही नव्हे. ते खोलीतील हवाच हलक्या दाबाने नाकातून सोडते आणि त्या दाबाने घसा मिटत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ५ रुग्णांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला; त्यापूर्वी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडून नळी बसवणे हाच खात्रीचा इलाज होता. हे वाचल्यावर मास्कविषयीची माझी कुरकूर बरीच कमी झाली.

पहिले दहा दिवस वाईट गेले. नाकावर वळ उठले, तोंडातून हवा निसटू लागली, दोनदा झोपेत मास्क काढून फेकला. दुसऱ्या मापाचा मास्क घेतल्यावर जमले. अकराव्या दिवशी सकाळी मी उठलो आणि डोके हलके होते. आपले डोके गेली कित्येक वर्षे जड होते, हे मला तेव्हा कळले. यंत्र मास्कसह ४३ हजार रुपयांना पडले, ते एकदम देणे मला जड गेले, म्हणून आधी महिनाभर भाड्याने घेऊन पाहिले. कोणीही तसेच करावे असे सुचवीन.

गावाकडे वीज जाते, हा प्रश्न मला सर्वांत आधी पडला होता. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात, त्यामुळे वीज गेली तर गुदमरत नाही. फक्त जाग येते. साध्या इन्व्हर्टरवर यंत्र रात्रभर चालते, मात्र पाणी तापवून हवा ओलसर करणारी टाकी तेव्हा बंद ठेवावी, कारण वीज तीच जास्त खाते. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मी ते बरोबर नेतो. खालच्या बर्थवरील लोक आधी घाबरून पाहतात आणि सकाळी आभार मानतात.

सीताफळ

भाकरीखालची चिठ्ठी वाचून मी हसलो, आणि मग सौभाग्यवतींना विचारले, की मी घोरतो का. उत्तर येथे लिहिण्यासारखे नाही.

मांजराकाठ

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. सर्वांचे वाचून मी दाजींशी न बोलता ताईला फोन केला. तिला मी २५ सेकंदांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "अरे, थांबतातच ते. मी कोपर मारते, मग घेतात श्वास." मी विचारले, किती दिवसांपासून. म्हणाली, सहा वर्षे झाली असतील. सहा वर्षे ती रात्री अर्धवट झोपेत आवाज थांबण्याची वाट पाहते आणि कोपर मारते, आणि हे कोणाला सांगण्यासारखे आहे असे तिला वाटले नाही. ती मुक्कामाला होती त्या चार दिवसांत आम्ही पुरुष गच्चीवर झोपलो म्हणून तिला सलग झोप मिळाली, असेही हसत म्हणाली. माझ्याने काही बोलवेना.

दाजींना सांगायचे काम शेवटी तिनेच केले. त्यांचा आवाज मोबाइलवर टिपून, रात्री जेवणानंतर नुसता ऐकवला. काहीही बोलली नाही. घोरणे ऐकून ते हसले, पण ते थांबल्यावर आता श्वास कधी येतो म्हणून स्वतःच पुढे वाकून बसले, असे तिने सांगितले. मेव्हण्याला या प्रकरणात तोंड उघडावेच लागले नाही.

घरी नेण्याच्या यंत्रावर तपासणी झाली. एएचआय ४६, आणि ऑक्सिजन एकदा ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत गाडी चालवायला मनाई केली आहे. सध्या भाचा सोडायला जातो. यंत्र भाड्याने आणले आहे. आता अडचण वेगळीच आहे. दाजींना भरघोस मिशी आहे, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कखालून हवा निसटते. मिशी काढणार नाही, असे त्यांनी डॉक्टरांना स्वच्छ सांगितले आहे.

रात्रपाळी

मिशी राहू द्या, दाजी राहिले पाहिजेत. पुढेमागे त्यांची कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना हा आजार आठवणीने सांगा आणि यंत्र रुग्णालयात बरोबर न्या. ताईंच्या झोपेचे काय झाले, तेही लिहा.

कयाधू

मलाही मिशी आहे. फक्त नाकपुड्यांत टेकणाऱ्या उशांचा मास्क मिळतो, तो मिशीच्या वर बसतो. तोंड उघडे राहत नसेल तर तो मागवून पाहा.

मांजराकाठ

कयाधूभाऊ, तो मास्क जमला. काल सलग ५ तास वापरला. ताईला मात्र अजून मध्येच जाग येते, कारण आवाज थांबला की कोपर उचलायची सवय लागली आहे, आणि आता आवाज येतच नाही. एक शेवटची शंका आहे : टाकीत घालण्यासाठी बॅटरीच्या दुकानातील पाणी चालेल का? दाजींच्या दुकानाशेजारी ते मिळते.

कयाधू

ते नको. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर मागवून घ्या. एखाद्या रात्री नसेल तर उकळून गार केलेले पाणी चालवतो मी. टाकी रोज सकाळी रिकामी करून वाळवायची, आणि मागची गाळणी महिन्याने पाहायची. आपल्याकडच्या धुळीत ती लवकर काळी पडते.